जुन्या चिनी चांदीच्या नाण्यांचे दुर्मिळ उपप्रकार : ओळख आणि मूल्यनिश्चिती

एकाच वर्षाच्या, एकाच वजनाच्या आणि वरवर पाहता एकाच छापाच्या दोन चिनी नाण्यांपैकी एक चांदीच्या भावाहून थोड्या अधिक दराने विकले जाते आणि दुसऱ्यासाठी लिलावात त्याच्या कितीतरी पट रक्कम मोजली जाते, हे या क्षेत्रात नेहमीचे आहे. हा फरक बहुधा ठशातल्या एखाद्या लहानशा खुणेमुळे पडतो. कुठे एक बारीक वर्तुळ असते, कुठे ताऱ्याला एक टोक कमी असते, तर कुठे रोमन अक्षरे नाण्याच्या दुसऱ्याच बाजूवर असतात. मात्र ज्या खुणेमुळे किंमत वाढते तीच खूण बनावट नाणी करणाऱ्यांनाही ठाऊक असते. म्हणून आधी नाण्याचा खरेपणा, मग प्रकार, त्यानंतर उपप्रकार, मग प्रत आणि सर्वांत शेवटी किंमत, हा क्रम काटेकोरपणे पाळावा. दुर्मिळ खूण दिसताच थेट किमतीचा विचार करू लागणारा माणूस बहुतेक वेळा बनावट नाणेच हाती घेऊन बसलेला असतो.

वजन, कडा आणि पाण्यातली परीक्षा

घरी चार साधने असावीत : 10 पट मोठे दाखवणारे भिंग, 0.01 ग्रॅमपर्यंत अचूक वजन देणारा काटा, व्हर्नियर कॅलिपर आणि पाण्याचा छोटा पेला. चीनमधील बहुतेक मोठी चांदीची नाणी 7 मेस 2 कँडारीन या मापाची आहेत. 10 कँडारीनचा 1 मेस आणि 10 मेसचा 1 टेल, असा हा हिशोब असून सरकारी टेल साधारण 37.3 ग्रॅमचा होता. त्यामुळे पूर्ण डॉलरचे (एक युआनच्या मोठ्या नाण्याला संग्राहक डॉलर म्हणतात) वजन सुमारे 26.8 ग्रॅम, म्हणजे आपल्या मापाने जवळजवळ 2.3 तोळे येते. याच हिशोबाने अर्धा डॉलर 3 मेस 6 कँडारीनचा, 20 सेंटचे नाणे 1 मेस 4.4 कँडारीनचे आणि 10 सेंटचे 7.2 कँडारीनचे असते. डॉलरचा व्यास 39 मिलिमीटरच्या आसपास असतो. वापरात झिजलेल्या नाण्याचे वजन काही दशांश ग्रॅमने कमी भरणे स्वाभाविक आहे, पण ज्याच्यावर झीज दिसतच नाही ते नाणे 25 ग्रॅमचे भरले, तर पुढे तपासण्यासारखे फारसे उरत नाही.

वजन जुळले म्हणजे नाणे खरे, असेही नाही, कारण आताची बनावट नाणी वजनात बेतून केलेली असतात. त्यांना घनता पकडते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे सोडावे की ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काठाला टेकणार नाही, आणि काट्यावर दिसणारा आकडा टिपून घ्यावा. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. 90 टक्के चांदी आणि 10 टक्के तांबे असलेल्या नाण्याची घनता 10.3 च्या जवळ येते, म्हणजे 26.8 ग्रॅमच्या नाण्यासाठी काट्यावर सुमारे 2.6 ग्रॅम दिसले पाहिजेत. तांबे आणि निकेलच्या मिश्रधातूचे नाणे त्याच वजनाला 3 ग्रॅमच्या आसपास आकडा दाखवते. नाणे पाण्यातून काढल्यावर चोळू नये, मऊ कापडावर ठेवून टिपून घ्यावे.

सराफाकडे क्ष-किरणांवर चालणारे कस मोजण्याचे यंत्र असेल तर त्यावर नाणे दाखवावे, कारण त्याने ओरखडा उठत नाही. कसोटीच्या दगडावर मात्र नाणे कधीही घासू देऊ नये. यंत्राने 99 टक्क्यांहून जास्त चांदी दाखवली तरी आनंदून जाऊ नये. हे डॉलर साधारण 88 ते 90 टक्के चांदीचे असल्यामुळे इतकी शुद्ध चांदी हा आधुनिक नकलेचा पुरावा ठरतो.

यानंतर कडा पाहावी. या तपासणीला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण नकला करणारे दोन्ही बाजूंवर जेवढे कष्ट घेतात तेवढे कडेवर घेत नाहीत. खऱ्या नाण्याच्या कडेवरच्या खाचा समान अंतरावर आणि स्वच्छ उठलेल्या असतात. ओतीव नकलेच्या कडेवर साच्याचे दोन भाग जुळल्याची बारीक रेघ, किंवा ती रेघ कानशीने घासून काढल्याच्या तिरप्या खुणा दिसतात. भिंगाखाली मोकळ्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले आणि अक्षरांचे कोपरे गोलसर वाटले, तर नाणे पाडलेले नसून ओतलेले आहे, असे समजावे. खऱ्या नाण्यावरून ठसा उचलून पाडलेल्या नकला ओळखणे अधिक अवघड असते. मूळ नाण्यावरचा ओरखडा किंवा खळगा अशा प्रत्येक नकलेवर त्याच जागी उमटतो, म्हणून विक्रीला आलेल्या दोन वेगवेगळ्या नाण्यांवर अगदी एकाच ठिकाणी एकच इजा दिसली, तर दोन्ही टाळावीत.

वर्ष कसे वाचावे

चिनी लिपी न येणाऱ्यालाही वर्ष वाचता येते. या नाण्यांवरील आडवा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो. एक, दोन आणि तीन हे अंक अनुक्रमे तितक्याच आडव्या रेघांनी लिहितात, दहाचा अंक आपल्या अधिक चिन्हासारखा असतो, आणि आठचा अंक म्हणजे वरून खाली येताना एकमेकींपासून दूर जाणाऱ्या दोन तिरप्या रेघा. प्रजासत्ताकाच्या वर्षात 1911 मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणून वर्ष 3 म्हणजे 1914 आणि वर्ष 10 म्हणजे 1921. क्वांगश्यू सम्राटाच्या राज्यवर्षात 1874 मिळवावे लागतात, म्हणजे त्याचे 34 वे वर्ष 1908 ठरते. नाण्यावरचे वर्ष हेच नेहमी पाडण्याचे वर्ष असते असे मात्र नाही, आणि याचे सर्वांत ठळक उदाहरण पुढचेच आहे.

युआन शिकाईचा डॉलर

चीनबाहेर सर्वाधिक आढळणारे चिनी चांदीचे नाणे हेच. दर्शनी बाजूला चिनी प्रजासत्ताकाचा अध्यक्ष असलेल्या, लष्करी पोशाखातल्या युआन शिकाईचा डावीकडे पाहणारा चेहरा आणि मागे धान्याच्या लोंब्यांच्या वेढ्यात ‘एक युआन’ ही दोन अक्षरे असतात. ठसे लुईजी जॉर्जी या इटालियन कोरक्याने तयार केले. नाण्यावर वर्ष 3, 8, 9 किंवा 10 असते. वर्ष 3 च्या नाण्यावर चेहऱ्यावरच्या कमानीत सहा अक्षरे आहेत, तर उरलेल्या तीन वर्षांच्या नाण्यांवर ‘पाडले’ या अर्थाचे अक्षर शेवटी जोडल्यामुळे सात आहेत. वर्ष 3 असूनही सात अक्षरे, किंवा वर्ष 9 असूनही सहा, अशी जोडणी दिसली तर ते नाणे बाजूला ठेवावे. वर्ष 3 चा ठसा अनेक टांकसाळींनी पुढे कित्येक वर्षे वापरला आणि 1950 च्या दशकात तिबेटमधील वापरासाठी हीच नाणी पुन्हा पाडली गेली, त्यामुळे 1914 हा आकडा पाहून नाण्याचे वय ठरवता येत नाही.

साधी नाणी अमाप असल्यामुळे या प्रकारात सगळे महत्त्व उपप्रकाराला आहे. वर्ष 3 च्या नाण्याची मागची बाजू भिंगाखाली धरून लोंब्यांचा वेढा जिथे फितीने बांधला आहे ती गाठ पाहावी. काही नाण्यांवर त्या गाठीत रोमन ‘ओ’सारखे एक अतिशय बारीक वर्तुळ असते. ती टांकसाळीची खूण असून अशा नाण्याला वेगळी मागणी आहे. त्यानंतर मध्यभागी असलेल्या दोन अक्षरांपैकी खालचे अक्षर पाहावे. ती एक मोठी चौकट असून तिच्या आत वरच्या भागात आणखी एक इवलीशी चौकट असते. ही आतली चौकट सामान्य नाण्यांवर चौकोनी आणि एका उपप्रकारात स्पष्ट त्रिकोणी असते. संग्राहक त्याला त्रिकोणी युआन म्हणतात आणि साध्या नाण्यापेक्षा त्याला बरीच अधिक किंमत देतात. झिजलेल्या नाण्यावर ही इवली चौकट अर्धवट पुसली जाऊन त्रिकोणी भासते, म्हणून शेजारच्या रेघा शाबूत आहेत का हे पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये.

चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक अक्षर असलेले वर्ष 3 चे नाणे कान्सू प्रांताचे, आणि ते खरोखरच दुर्मिळ आहे. त्यामुळेच साध्या नाण्यावर ही दोन अक्षरे नंतर चढवण्याचे प्रकार होतात. खऱ्या नाण्यावर अक्षरे आणि पार्श्वभूमी एकाच घावात उठलेली असल्याने अक्षरांच्या पायथ्याशी पृष्ठभागाची चमक अखंड असते, तर चढवलेल्या अक्षरांभोवती खरडल्याच्या किंवा डाग दिल्याच्या खुणा आढळतात. चेहऱ्याच्या मागे, उजव्या कडेजवळ जॉर्जीची रोमन सही असलेली नाणी हे नमुने, म्हणजे चलनात आणण्याआधी चाचणीसाठी पाडलेली नाणी, असून ती मोठ्या लिलावांतच दिसतात. किरकोळ विक्रेत्याच्या पेटीत सही असलेले नाणे स्वस्तात मिळत असेल, तर ते बनावट धरून चालावे. साध्या नाण्यांपैकी वर्ष 8 ची नाणी इतर तीन वर्षांच्या मानाने कमी आढळतात, आणि चांगल्या प्रतीत तर फारच कमी.

सुन यत् सेन यांची नाणी

चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत् सेन यांच्या स्मृतिडॉलरवर मागे दोन लोंब्या आणि भोवती इंग्रजी मजकूर असतो. मजकुराचे वरचे आणि खालचे भाग दोन ताऱ्यांनी वेगळे केलेले आहेत, आणि सगळा निकाल या ताऱ्यांवर आहे. सहा टोकांचे तारे असतील तर नाणे 1927 पासून मोठ्या प्रमाणात पाडलेले, म्हणजे सहज मिळणारे आहे. पाच टोकांचे तारे 1912 च्या मूळ नाण्यावर असतात आणि त्यांतही तारे खाली सरकलेला उपप्रकार विशेष मानला जातो. टोके मोजताना नाणे प्रकाशात तिरपे धरून फिरवावे, कारण झिजलेल्या सहा टोकांपैकी एखादे दिसेनासे होऊ शकते.

शिडाच्या जहाजाच्या डॉलरचे सूत्र सोपे आहे. वर्ष 21 च्या, म्हणजे 1932 च्या नाण्यावर जहाजावरून उडणारे तीन पक्षी आणि उजवीकडे उगवता सूर्य आहे. जपानने मांचुरिया घेतल्यानंतरच्या त्या काळात सूर्य जपानचा आणि पक्षी त्याच्या विमानांसारखे वाटू लागल्याने ते नाणे मागे घेण्यात आले. वर्ष 22 आणि 23 ची नाणी पक्षी आणि सूर्य यांविना पाडली गेली. म्हणून पक्षी दिसताच वर्षाच्या शेवटच्या अंकातल्या आडव्या रेघा मोजाव्यात. त्या एकीहून अधिक असतील तर ते नाणे कोणत्याही टांकसाळीतून निघालेले नाही. वर्ष 23 च्या ठशाची नाणी 1949 मध्ये अमेरिकेच्या टांकसाळींनीही चीनसाठी पाडली, त्यामुळे स्वच्छ आणि नवे दिसणारे वर्ष 23 चे नाणे दुर्मिळ समजू नये. या डॉलरमध्ये चांदी 88 टक्के असते.

ड्रॅगनची प्रांतिक नाणी

अभ्यासाला सर्वांत समृद्ध आणि चुकण्याला सर्वांत जास्त वाव असलेला भाग हाच. क्वांगतुंगची टांकसाळ बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीच्या यंत्रांवर उभी राहिली आणि तिथूनच चीनमध्ये यंत्राने नाणी पाडण्याचे पर्व जोमाने सुरू झाले. 1889 चे पहिले डॉलर 7 मेस 3 कँडारीनचे, म्हणजे त्या काळी चीनमध्ये चालणाऱ्या मेक्सिकन डॉलरहून जड ठेवण्यात आले होते. जड नाणे लोक साठवून ठेवतात किंवा वितळवतात आणि हलके नाणे व्यवहारात राहते, हे लक्षात आल्यावर वजन 7 मेस 2 कँडारीनवर आणले गेले. या सुरुवातीच्या नाण्यांवर रोमन अक्षरांचे वर्तुळ चिनी अक्षरांच्या बाजूला आहे. पुढे ते ड्रॅगनच्या बाजूला हलवले आणि 1890 नंतर विपुल प्रमाणात पाडलेली सगळी साधी नाणी त्या रचनेची आहेत. त्यामुळे क्वांगतुंगचा डॉलर हाती येताच रोमन अक्षरे कोणत्या बाजूला आहेत ते पाहावे. ती ड्रॅगनभोवती असतील तर नाणे सामान्य आहे. चिनी अक्षरांभोवती असतील तर वजनाचा आकडा वाचावा, नाणे तोलावे आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय एक रुपयाचाही व्यवहार करू नये.

कियांगनानच्या डॉलरवर 1898 पासून साठ वर्षांच्या चक्रातले वर्ष दोन चिनी अक्षरांत दिलेले आहे. त्याआधीच्या नाण्यांवर ही दोन अक्षरे नाहीत आणि संग्राहक त्यांना जुने कियांगनान म्हणून वेगळे ठेवतात. त्यांच्यात कडेच्या नक्षीवरून उपप्रकार पडतात. 1901 च्या नाण्यांपासून ‘एच ए एच’ ही बारीक रोमन अक्षरे येऊ लागतात. त्या वर्षी ती असलेली आणि नसलेली अशी दोन्ही नाणी आहेत. 1904 च्या नाण्यांवर या अक्षरांच्या जोडीला आणखी अक्षरे आणि ठिपके यांच्या अनेक जोडण्या सापडतात, आणि 1905 ला ‘एस वाय’ ही अक्षरे येतात. ही अक्षरे इतकी लहान आहेत की धुतलेल्या किंवा घासलेल्या नाण्यावर ती नाहीशी होतात, आणि मग ‘अक्षरांविना दुर्मिळ’ असे सांगून ते नाणे विकले जाते. खरोखर अक्षरे नसलेल्या नाण्यावर त्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो.

पेईयांगच्या नाण्यांपैकी 34 व्या वर्षाचे, म्हणजे 1908 चे नाणे सहज मिळते आणि 22 व्या वर्षाचे, 1896 चे, फारच क्वचित. 1911 च्या शेवटच्या शाही डॉलरमध्ये ड्रॅगनच्या मिश्यांची लांबी आणि वळण, शेपटीचा आकार आणि ड्रॅगनचे तोंड वळलेली दिशा यांवरून उपप्रकार ठरतात. त्यांतला वळणदार मिशांचा एकच प्रकार सर्रास व्यवहारात आला, उरलेले नमुन्याच्या पातळीवर राहिले. क्वेचौ प्रांताच्या 1928 च्या मोटारगाडी असलेल्या डॉलरवर गाडीखालच्या गवताच्या पात्यांवरून उपप्रकार मोजतात. तिथेही झीज हाच मोठा शत्रू आहे.

भारताशी जोडलेली दोन नाणी

आपल्याकडच्या जुन्या पेट्यांतून चिनी म्हणून निघणारे एक मोठे नाणे प्रत्यक्षात मुंबईचे असते. उभ्या ब्रिटानियाच्या हाती त्रिशूळ आणि मागे चिनी व अरबी वळणाची मलय अक्षरे असलेला ब्रिटिश व्यापारी डॉलर 1895 पासून चीनशी आणि आग्नेय आशियाशी होणाऱ्या व्यापारासाठी पाडला गेला, आणि त्यातला मोठा वाटा मुंबईच्या टांकसाळीचा होता. त्रिशूळाच्या मधल्या दातावर खोलगट ‘बी’ असेल तर ते मुंबईचे नाणे. त्याचे वजन 26.95 ग्रॅम आणि चांदी 90 टक्के असते. 1921 चे मुंबईचे नाणे दुर्मिळ आहे. 1935 चे पाडले गेले मोठ्या संख्येने, पण बहुतेक वितळवले गेल्याने तेही दुर्मिळ. तारखेचे आकडे भिंगाखाली जरूर पाहावेत, कारण 1909 च्या काही नाण्यांवर 9 च्या खाली आधीच्या ठशातला 8 डोकावतो.

दुसरे नाणे म्हणजे सेचुआनचा रुपया. पूर्व तिबेटमध्ये चालणाऱ्या व्हिक्टोरिया राणीच्या भारतीय रुपयाला हटवण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी तो पाडला गेला. राणीच्या जागी सम्राटाचा चेहरा आहे आणि आकार व वजन आपल्या 11.66 ग्रॅमच्या रुपयाच्या जवळचे आहे. सम्राटाच्या गळ्याशी कॉलर आहे की नाही, चेहरा लहान की मोठा, आणि मागे मध्यभागी असलेले फूल उभे की आडवे, यांवरून उपप्रकार ठरवावेत. नंतरच्या काळातल्या नाण्यांत चांदीचे प्रमाण बरेच घसरले, त्यामुळे कमी कस हा या एका नाण्यापुरता बनावटीचा पुरावा नाही.

प्रत आणि किंमत

उपप्रकार निश्चित झाल्यावर त्याचा सूचिक्रमांक शोधावा. चिनी चांदीच्या नाण्यांसाठी कान, लिन-मा आणि योमन या सूचिकारांचे क्रमांक चालतात आणि लिलावाच्या प्रत्येक वर्णनात त्यांपैकी किमान एक असतो. क्रमांक हाती असला की त्याच नाण्याचे जुने निकाल शोधता येतात. मागणीच्या किमती पाहू नयेत, झालेल्या विक्रीच्या पाहाव्यात. त्यातही बोलीवर खरेदीदाराने दिलेले अधिमूल्य धरले आहे की नाही हे तपासावे. एकाच उपप्रकाराचे, एकाच प्रतीचे, अलीकडचे तीन-चार निकाल मिळाले तर अंदाज विश्वासार्ह होतो. एकच निकाल असेल तर त्या दिवशी दोन हट्टी बोलीदार समोरासमोर आले असण्याची शक्यता गृहीत धरावी. तळाची किंमत चांदीची : युआनच्या डॉलरमध्ये सुमारे 23.8 ग्रॅम शुद्ध चांदी असते, त्याखाली विकण्याचे कारण नाही. व्यापारी खरेदी करताना लिलावातल्या दरापेक्षा कमी देतो आणि तो त्याचा रास्त हिस्सा आहे.

प्रत 1 ते 70 या मापावर ठरते. किमतीतली सर्वांत मोठी उडी न वापरलेल्या नाण्यांच्या पायरीवर, म्हणजे 60 पासून पुढे पडते. युआनच्या नाण्यावर झीज प्रथम कानावरच्या केसांत आणि खांद्यावरच्या पट्ट्यात दिसते, ड्रॅगनच्या नाण्यावर त्याच्या शरीराच्या मध्यावरच्या खवल्यांत. पीसीजीएस आणि एनजीसी या नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्था धुतलेल्या, घासलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या नाण्याला आकडा न देता तसा शेरा देतात आणि त्याची किंमत लक्षणीय घटते. म्हणून चिंच, रांगोळी, दंतमंजन किंवा चांदी चमकवणारे कोणतेही द्रव या नाण्यांना लावू नये. वर्षानुवर्षांत चढलेली निळसर-काळी झाक नाण्याचे रक्षण करते आणि सुंदर असल्यास किंमतही वाढवते. चिनी सराफांनी खरेपणा पटवण्यासाठी मारलेले छोटे शिक्के असलेले नाणे तशाच बिनशिक्क्याच्या नाण्यापेक्षा साधारणतः स्वस्त असते, पण व्यापारी डॉलरवर असे शिक्के मुद्दाम जमवणारे संग्राहकही आहेत, त्यामुळे ते खरवडून काढण्याचा विचारही करू नये.

अशा संस्थेने तपासून बंद केलेल्या प्रमाणित डबीतले नाणे घेताना डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या छायाचित्राशी हातातले नाणे ताडून पाहावे. नकली डब्यांवर खरे क्रमांक छापलेले असतात, पण छायाचित्रातले ओरखडे आणि डाग त्यांना जुळवता येत नाहीत. भारतात राहणाऱ्याने नाणे परीक्षेसाठी परदेशी पाठवण्याआधी 1972 चा पुरावशेष कायदा लक्षात घ्यावा. 100 वर्षांहून जुने नाणे त्याखाली पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. 1914 मध्ये पाडलेला युआनचा डॉलर या मर्यादेत येतो, 1934 चा जहाजाचा डॉलर अजून येत नाही. जुन्या नाण्यांसाठी भारतातच होणाऱ्या परीक्षेची सोय शोधावी आणि तोपर्यंत नाणे पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, कडेने धरून ठेवावे.